संदुकीत सापडले 'ड्रॅगन'चे २३ अंक

जुनी_पडवी (शनिवार, रात्री १०:५०)

नागपुरात महाल भागातलं आमचं घर पुढल्या महिन्यात पाडणार आहेत. त्यामुळे ऐन नवतप्यात माळा रिकामा करायचं काम माझ्या गळ्यात आलं. वर तापलेले टिनाचे पत्रे, खाली मी, डोक्यावर ओला टॉवेल. आजीचा पाट निघाला, पितळेचा बंब निघाला, तान्ह्या पोळ्याचे दोन लाकडी बैल निघाले (एकाचं शिंग तुटलेलं, त्याची गोष्ट पुढे). सगळ्यात मागे पत्र्याची काळी संदूक होती. तिच्यावर ऑइलपेंटने माझ्याच हातचं लिहिलेलं: 'उघडू नये. आत ड्रॅगन.'

आत खरंच 'ड्रॅगन' होता. मासिकाचे २३ अंक, सगळ्यात जुना एप्रिल १९८३ चा, सगळ्यात नवा जून १९८७ चा. मामा तेव्हा मिलवॉकीला शिकायला होता. परत येताना बॅगेत जागा उरली म्हणून रूममेटने टाकून दिलेला गठ्ठा घेऊन आला. 'भाच्याला इंग्रजी सुधारायला' असं आईला सांगितलं. मी तेव्हा तेरा वर्षांचा.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढणारी टीएसआर कंपनी, त्यांचं हे मासिक. पहिला अंक जून १९७६ चा, छापील शेवटचा अंक सप्टेंबर २००७ चा, ३५९ वा. म्हणजे एकतीस वर्षं चाललं. पण आमची गंमत अशी की आमच्याकडे मासिक होतं आणि खेळ नव्हता. नियमांची पुस्तकं नाहीत, फासे नाहीत, खेळलेला माणूस तर साऱ्या नागपुरात माहीत नाही. मामाला विचारलं तर तो म्हणाला, 'मी चित्रं पाहायचो.'

मग आम्ही चौघांनी (मी, दोन मित्र आणि धाकटी चुलतबहीण) मासिकातूनच खेळ शोधून काढायचं ठरवलं. त्यात 'सेज ॲडव्हाइस' नावाचं सदर असायचं. वाचकांनी नियमांवर शंका विचारायच्या, जाणकाराने उत्तर द्यायचं. अमुक मंत्र पाण्याखाली चालतो का, तमुक राक्षसाला झोपेचा मंत्र लागतो का. मूळ नियम ठाऊक नसताना नुसती उत्तरं वाचून नियम काय असेल ते ताडायचं. गणिताच्या पुस्तकाची पहिली सगळी पानं फाटलेली आणि मागची उत्तरसूची तेवढी हाती लागलेली, तसं.

काही बरोबर ताडलं. 'आर्मर क्लास' नावाचा आकडा असायचा. कोणाचा दोन, कोणाचा नऊ. मोठा आकडा म्हणजे मजबूत चिलखत असं कोणालाही वाटेल. पण माझे वडील रेल्वेत. क्लास म्हटलं की आमच्या घरी फर्स्ट क्लास, सेकंड क्लास. जितका आकडा लहान तितकं भारी. खेळातला नियमही तोच होता हे मला वीस वर्षांनी कळलं.

काही मात्र पार गंडलं. 'सेव्हिंग थ्रो' म्हणजे संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा. आम्ही 'सेव्हिंग' म्हणजे पोस्टातली बचत आणि 'थ्रो' म्हणजे फेकणे असं धरलं. त्यामुळे आमच्याकडे वीर मरायला टेकला की त्याने आपल्याजवळची एक मौल्यवान वस्तू सोबत्याकडे फेकायची. आणि ती खरोखर झेलायची. खेळणाऱ्याने पडवीच्या या टोकाहून त्या टोकाला आजीची सुपारीची डबी फेकायची, समोरच्याने एका हाताने पकडायची. सुटली तर खजिना गेला. आजी दुपारची झोपलेली असायची, ते संकट वेगळंच.

फाशांचं तर विचारूच नका. या खेळाला चार, आठ, बारा, वीस पैलूंचे फासे लागतात. मासिकात पानोपानी त्यांच्या जाहिराती. बर्डीच्या बाजारात विचारलं तर दुकानदाराने लुडोचा फासा पुढे केला. शेवटी घरचा हाऊजीचा संच घेतला. वीसपैलू फासा हवा तर १ ते २० च्या सोंगट्या स्टीलच्या पेल्यात टाकून एक काढायची. शेकड्याचा फासा हवा तर अख्खी पिशवी. आता हाऊजीत सोंगट्या ९०. आणि मासिकातले सगळे तक्ते १ ते १०० चे. ९१ च्या पुढच्या ओळीत हमखास सगळ्यात जबर माल, नाहीतर सगळ्यात भयंकर आपत्ती. आमच्या जगात नव्वदच्या वर कधी काही घडलंच नाही. दोन वर्षं खेळलो, एकालाही चांगली तलवार मिळाली नाही.

उद्या फोटो टाकतो. कोणाकडे असले अंक आहेत का? होते का?

तर्री_मारके (शनिवार, रात्री ११:०५)

हसून हसून पुरेवाट! अबे भाऊ, नव्वदच्या वर काईच नाई! आमचा पोट्ट्यायचा ग्रुप दर रविवारी खेळते त्रिमूर्ती नगरात, पण आमचे फासे फोनात. बटन दाबलं का आला आकडा. सुपारीची डबी फेकाची आयडिया मले लय आवडली. या रविवारी हाच नियम लावतो.

फोटो टाका पहिले. बाकी मंग बोलू.

केतकी_बन (रविवार, सकाळी ७:२०)

वाचायला मजा आली, पण प्रामाणिकपणे सांगते, हा खेळ काय आहे ते कळलं नाही. पट असतो का? सोंगट्या कुठे ठेवायच्या? आणि जिंकतं कोण?

जुनी_पडवी (रविवार, सकाळी ९:१५)

केतकीताई, पट लागेलच असं नाही आणि जिंकत कोणी नाही. चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं: योद्धा, चोर, मांत्रिक. सूत्रधार सांगतो, 'तुम्ही सीताबर्डीच्या किल्ल्याखालच्या भुयारात आहात. पुढे दोन वाटा. डावीकडून ओला वास येतोय.' तुम्ही सांगायचं, 'मी डावीकडे मशाल फेकते.' मशाल कुठवर गेली, खाली काय दिसलं, ते तो सांगणार. जिथे नक्की नाही तिथे फासा. दशावतारात मूळ कथानक ठरलेलं असतं आणि संवाद नट जागेवर रचतात ना? तसंच, फक्त इथे कथानकाचं काय होणार तेही ठरलेलं नसतं.

भुयाराचं उदाहरण उगाच नाही दिलं. आमच्या शाळेतला प्रत्येक पोट्टा शपथेवर सांगायचा की किल्ल्याखालून थेट रामटेकपर्यंत भुयार आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात, वर्षातले मोजके दिवस लोकांसाठी उघडतो. १९८८ च्या १५ ऑगस्टला आम्ही चौघं आलेखवही आणि होकायंत्र घेऊन गेलो, नकाशा काढायला. मासिकातले डंजनचे, म्हणजे भुयारांचे, नकाशे चौकटीच्या कागदावर असायचे, एक चौकोन दहा फूट. मी पावलं मोजत होतो, मित्र चौकोन रंगवत होता. तटाच्या एका कोपऱ्यात जवानाने वही मागितली. बारकाईने पाहिली. मग विचारलं, 'ये नीचे क्या लिखा है?' तिथे लिहिलं होतं: 'इथे ट्रोल, संख्या ३'.

वही परत मिळाली. कान जरा लाल झाले.

खामल्याचा_थोर (रविवार, सकाळी ११:४०)

सुंदर धागा. वाचनखूण साठवली. दोन-तीन गोष्टी जोडतो, खोड्या काढायचा हेतू नाही.

एक, सुरुवातीच्या अंकांवर नाव 'द ड्रॅगन' असं होतं, 'द' नंतर गळलं. त्याआधी टीएसआरचं 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' नावाचं छोटं पत्रक होतं, त्याचे सात अंक निघाले. ते बंद करून टिम कास्क या संपादकाने 'द ड्रॅगन' सुरू केलं. मूळ खेळ १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. पहिली आवृत्ती हजार खोक्यांची, तीही हाताने भरलेली.

दोन, तुमचं रेल्वेवालं तर्कशास्त्र फारच नेमकं आहे. आर्नेसनने मुलाखतीत सांगितलंय की आर्मर क्लास त्याने स्वतःच्याच एका जुन्या नाविक युद्धखेळातून उचलला. चिलखती जहाजांची प्रतवारी. तुमच्या बाबांची रेल्वे आणि त्याची जहाजं एकाच बंदराला लागली.

तीन, आणि हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. १९७९ च्या सुमारास खुद्द टीएसआरला फासे मिळेनासे झाले. मागणी इतकी वाढली की पुरवठा पुरेना. तेव्हा त्यांनी नवशिक्यांच्या खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले. कापायचे, पेल्यात टाकायचे, एकेक काढायचा. म्हणजे तुमची हाऊजीची पिशवी अगदी कंपनीमान्य पद्धत होती. नव्वदचा घोळ तेवढा तुमचा.

तर्री_मारके (रविवार, दुपारी १२:१०)

थोरभाऊ, तुमी म्हणता खोड्या काढत नाई, अन् 'एक, दोन, तीन' करून काढता. :)

लिव्हरपूलकर (रविवार, दुपारी ३:३०)

मूळचा गोकुळपेठेतला, आता इकडे. इकडच्या लोकांना 'ड्रॅगन'पेक्षा 'व्हाइट ड्वार्फ'चा जास्त उमाळा. १९७७ पासूनचं मासिक, गेम्स वर्कशॉपचं, सुरुवातीचे संपादक इयान लिव्हिंगस्टोन. इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अजून अधूनमधून अंक मिळतात, मी अकरा जमवलेत.

त्यातलं 'फीन्ड फॅक्टरी' हे सदर मला फार आवडतं. वाचकांनी स्वतः रचलेले राक्षस पाठवायचे. चार्ल्स स्ट्रॉस म्हणून आज मोठा विज्ञानकथाकार आहे, त्याने शाळकरी वयात गिथयांकी नावाची जमात पाठवली होती. पुढे त्यातले निवडक राक्षस १९८१ च्या 'फीन्ड फोलिओ' या पुस्तकात गेले आणि मुखपृष्ठावर गिथयांकीच बसला. शाळकरी मुलाने पोस्टाने पाठवलेला राक्षस आज संगणकावरच्या खेळांत फिरतो.

पण ऐंशीचं दशक संपता संपता त्या मासिकाने बाकी सगळे खेळ सोडले आणि फक्त स्वतःच्या कंपनीचे शिशाचे सैनिक विकायला लागलं. माझे अकराही अंक त्याच्या आधीचे. नंतरचे फुकट दिले तरी नकोत.

जुनी_पडवी, तुम्ही आता परत वाचताय तर कसे वाटताहेत? आठवणीतले आणि हातातले अंक सारखे निघत नाहीत असा माझा अनुभव.

जुनी_पडवी (रविवार, रात्री ९:४५)

लिव्हरपूलकर, बरोबर जागी बोट ठेवलंत. कालपासून नऊ अंक पुन्हा वाचले, कूलरसमोर बसून. खरं सांगायचं तर निम्मा मजकूर रटाळ आहे. भाल्यांचे प्रकार. भाल्यांचे आणखी प्रकार. कोणत्या देशातल्या भाल्याला किती फूट जागा लागते. एका अंकात उंचावरून पडल्यावर किती इजा व्हावी यावर लेख. खेळाचा नियम सोपा: दर दहा फुटांना एक सहापैलू फासा. पण कोणीतरी गतिज ऊर्जेचं सूत्र घेऊन बसला, दुसरा हवेच्या विरोधाने येणाऱ्या कमाल वेगावर गेला. तेव्हा मात्र मी ते भक्तिभावाने वाचलं होतं, मार्जिनमध्ये पेन्सिलीने आकडेमोड आहे. नववीत ते सूत्र वर्गात आलं तेव्हा मी हात वर करून म्हणालो, 'सर, हे ड्रॅगनमध्ये आहे.' सरांनी बाकावर उभं केलं.

जाहिराती मात्र आज जास्त वाचनीय वाटतात. शिशाच्या बाहुल्या, फासे, आणि पोस्टाने खेळायचे खेळ. चाल कागदावर लिहून पाठवायची, कंपनी संगणकावर निकाल काढून परत पाठवणार. नागपूरहून एक चाल जाऊन यायला दोन महिने. हिशोब केला होता: एक लढाई संपेपर्यंत मी पदवीधर झालो असतो.

संपादकांची गंमत सांगतो. आमच्या बहुतेक अंकांवर संपादक म्हणून 'किम मोहन' असं नाव. आम्हाला खात्रीच की हा मोहन आपलाच. फारतर भिलाईचा असेल, अमेरिकेत जाऊन किम झाला. (तो पक्का अमेरिकन होता, हे नंतर कळलं.) मग १९८६-८७ च्या अंकांत नाव बदललं. नवा संपादक: रॉजर मूर! म्हणजे आधी आपला मोहन आणि आता साक्षात जेम्स बाँड. आमच्या मनात या मासिकाची किंमत किती वाढली असेल बघा. हाही नावापुरताच मूर, मधे एक 'ई' होता. त्या 'ई'कडे आम्ही दुर्लक्ष केलं.

मोहनकाकांना आम्ही पत्रही लिहिलं होतं. पत्ता अंकात छापलेला: लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन. भूगोलात माझा पहिला नंबर. जिनिव्हा स्वित्झर्लंडमध्ये आहे हे मला पाठ. मला वाटलं, छापणाऱ्याची चूक. मी ती सुधारली. पाच महिन्यांनी पत्र तीन शिक्के घेऊन घरी परत आलं.

सगळ्यात टिकलेलं काय असेल तर 'इकॉलॉजी' हे लेख. एकेका राक्षसाचं जीवशास्त्र. तो खातो काय, पिल्लं कशी घालतो, कुठे लपतो. माझ्याकडचा तो एप्रिल १९८३ चा अंक, ७२ वा, त्यात या मालिकेतला पहिला लेख आहे, पिअर्सरवर. पिअर्सर म्हणजे गुहेच्या छताला सुळक्यासारखा लटकणारा दगडी प्राणी, खालून माणूस गेला की अंगावर पडणारा. खेळात त्याचं काम एवढंच. त्यावर कोणीतरी गंभीर चेहऱ्याने निबंध लिहितो! पडल्यावर तो परत वर कसा जातो? हळूहळू, भिंतीवरून सरपटत. त्या एका प्रश्नाने मी पालींकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो.

मग आम्हीही लिहिली. वही सापडली आहे, संदुकीतच होती. 'मारबत व बडग्या (तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे मिरवून जाळतात ते पुतळे) यांची इकॉलॉजी', १९८८. जसाच्या तसा उतारा देतो, शुद्धलेखन माझं तेराव्या वर्षाचं:

'बडग्या हा प्राणि बांबू व कागदाचा असतो. उंची १० ते १५ फुट. आर्मर क्लास ९ (जनरल डबा). राहण्याचे ठिकाण इतवारी व महाल. वर्षातुन एकदाच, तान्हा पोळ्याला बाहेर येतो. ट्रोल आगीने मरतो परंतु बडग्या जाळला तरी पुढिल वर्षी परत येतो, म्हणून तो ट्रोलपेक्षा वरचा समजावा. त्याच्या मागे १००० माणसे घेऊन जा गे मारबत असे ओरडतात, हा त्याचा ब्रेथ वेपन नाही.'

(ब्रेथ वेपन म्हणजे राक्षस श्वासातून सोडतो ते अस्त्र, ड्रॅगनची आग वगैरे.) हे शेवटचं वाक्य नक्की कशासाठी होतं ते आठवत नाही. बहुधा वाद झाला असावा.

केतकी_बन (रविवार, रात्री १०:००)

'आर्मर क्लास ९ (जनरल डबा)'. आता मला खेळ कळला. :)

कागदकीडा (सोमवार, सकाळी ८:१०)

धाग्याची मजा कमी करायची नाही, पण तब्येतीचं आधी बोलतो. माळ्यावरून काढलेले अंक लगेच कूलरसमोर नेऊ नका. चाळीस वर्षं कोरड्या उष्णतेत राहिलेला कागद ओल्या हवेत एका दिवसात फुगतो. नागपूरचा उन्हाळा कागदाला वाईट नाही, कसर आणि बुरशी दोन्ही कमी लागतात. घात करतो तो पावसाळा आणि कूलर.

ज्या अंकांना पिना असतील त्या गंजल्या असतील तर मागून नखाने सरळ करून हळूच काढा, ओढू नका. सुती दोरा ओवा. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका, डाग पडतात. आणि काही झालं तरी बाइंडिंगला देऊ नका. माझ्याकडे एका जुन्या मराठी मासिकाचे सहा वर्षांचे अंक होते. चांगले बांधून घ्यावेत म्हणून दिले. परत आले ते सुंदर कापडी पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत माझं नाव. आणि आतली सगळी मुखपृष्ठं आणि जाहिराती गायब. विचारलं तर म्हणाला, 'साहेब, रंगीत पानं जाड होती, शिवायला त्रास देत होती. फालतू जाहिरातीच होत्या.' कडाही सारख्या करण्यासाठी कापल्या, त्यात पृष्ठक्रमांक गेले. बारा वर्षं झाली, अजून त्या गल्लीतून जात नाही.

जुनी_पडवी (सोमवार, सकाळी ८:३५)

कूलर बंद केला. घामाने भिजलो, पण अंक वाचले.

धाकटी (सोमवार, दुपारी २:१५)

या धाग्यासाठी खास सदस्यत्व घेतलं. मी ती 'धाकटी चुलतबहीण'. दादाने सगळं सांगितलं, सोयीचं तेवढं.

पहिली गोष्ट, मला नऊ वर्षांची असताना दोन वर्षं फक्त 'जखमी गावकरी' हे पात्र मिळालं. मी मासिकातल्या बायकांची चित्रं पाहायचे. बर्फाळ डोंगर, मागे ड्रॅगन, पुरुषाच्या अंगावर गळ्यापासून पायापर्यंत लोखंड आणि बाईच्या अंगावर दोन ताटल्या. मी दादाला विचारलं होतं, हिचा आर्मर क्लास किती? उत्तर नाही मिळालं. नंतर वाचलं की ज्या 'सेज ॲडव्हाइस' सदराची दादा पूजा करतो ते सुरुवातीला जीन वेल्स नावाच्या बाईने चालवलं होतं. टीएसआरने खेळ रचायच्या कामावर घेतलेली ती पहिली बाई. दादा, हे तुझ्या धाग्यात कुठे दिसलं नाही.

दुसरी गोष्ट, लाकडी बैलाचं शिंग. मासिकात गॉर्गन म्हणजे लोखंडी खवल्यांचा बैल, त्याचा श्वास लागला की माणूस दगड होतो. तान्ह्या पोळ्याचा बैल म्हणजे आयताच गॉर्गन. तो बैल माझा होता. पोळ्याला घरोघर फिरवून मी त्याच्यावर बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, मिळवायचे. दादाच्या योद्ध्याने त्याला ठार केलं आणि 'पुरावा म्हणून' शिंग तोडलं. त्या वर्षी मी एकशिंगी बैल घेऊन फिरले.

तिसरी. ९१ ते १०० च्या सोंगट्या होत्या. मी बनवल्या होत्या, शर्टाच्या गुंड्यांवर सुईने आकडे कोरून. तू नियम केलास की बाहेरचा माल चालणार नाही, संच अशुद्ध होतो. म्हणून तुला तलवार मिळाली नाही.

तर्री_मारके (सोमवार, दुपारी २:२०)

आता आली ना मज्जा! ताई, तुमी धागा ताब्यात घेऊन टाका.

जुनी_पडवी (सोमवार, रात्री ८:५०)

सगळे आरोप मान्य. शिंग सापडलं नाही, बैल दोन्ही आहेत. जीन वेल्सचं मला खरंच माहीत नव्हतं.

हाऊजीची पिशवी संदुकीच्या तळाशीच होती, काल उघडलीच नव्हती. आत्ता ओतून मोजली. ८८ सोंगट्या, दोन हरवल्या. आणि चार पांढऱ्या गुंड्या. ९२, ९५, ९७ आणि एकावर नुसता १. शून्यांना जागा पुरली नाही वाटतं.

पण मी त्या पिशवीत टाकू दिल्या नव्हत्या, मग आत कशा?

धाकटी (सोमवार, रात्री ८:५५)

तू पाणी प्यायला जायचास.

खामल्याचा_थोर (सोमवार, रात्री ९:३०)

अवांतर, पण या अंकांचा विषय निघाला की मला 'वर्मी'च आठवतो. मागच्या पानांवर यायचा. बिलियर्ड खेळणारा, सिगार ओढणारा ड्रॅगन. डेव्ह ट्रॅम्पिअरची चित्रकथा, १९७७ पासून. काय रेषा होती त्या माणसाची! खेळाच्या जुन्या 'प्लेअर्स हँडबुक'चं मुखपृष्ठही त्याचंच. १९८८ मध्ये कथा ऐन मध्यावर असताना ती अचानक थांबली. चित्रकाराशी संपर्कच तुटला. वर्षानुवर्षं वाचकांत अफवा, तो वारला असंही लोक धरून चालले. २००२ मध्ये इलिनॉयमधल्या कार्बनडेल गावात एका विद्यार्थी वर्तमानपत्राने टॅक्सीचालकांवर मजकूर केला, तेव्हा त्यातला एक टॅक्सीवाला म्हणजे हाच निघाला. चित्रकलेबद्दल त्याला बोलायचंच नव्हतं. २०१४ मध्ये गेला. कथा अर्धीच राहिली.

तुमच्या जून १९८७ च्या अंकापर्यंत 'वर्मी' चालू असायला हवा. बघा.

जुनी_पडवी (सोमवार, रात्री १०:१०)

सात अंकांत आहे. सलग दोन अंक माझ्याकडे क्वचितच, त्यामुळे कथा मला कधीच कळली नाही. तेव्हा वाटायचं, सगळे अंक मिळाले की शेवट कळेल. म्हणजे शेवट कोणालाच कळला नाही तर.

लिव्हरपूलकर (मंगळवार, पहाटे १:२०)

स्कॅन करून कुठे टाकणार का? इकडे बसून वाचता येईल.

खामल्याचा_थोर (मंगळवार, सकाळी ७:५०)

सार्वजनिक टाकू नका, उगाच लफडं. खुद्द प्रकाशकांचेही हात त्यात पोळले आहेत. १९९७ मध्ये टीएसआर कर्जात बुडाली, त्या वर्षाच्या सुरुवातीला काही महिने मासिक निघालंच नाही, मग 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने कंपनी विकत घेतली. १९९९ मध्ये त्यांनी पहिल्या २५० अंकांचा सीडीसंच काढला. तेव्हा प्रश्न आला की लेखक-चित्रकारांनी हक्क दिले होते ते एकदा छापण्याचे, की सीडीचेही? त्यावरून बराच वाद झाला. तुम्ही आपले पिअर्सरचं पान कूलरपासून लांब ठेवून डोळ्यांनी वाचा.

केतकी_बन (मंगळवार, सकाळी १०:३०)

एक विचारू? तुम्ही लोक परत खेळणार आहात की नुसतेच अंक चाळणार?

जुनी_पडवी (मंगळवार, रात्री ९:२०)

केतकीताई, त्यावरच येतोय. १०० वा अंक, ऑगस्ट १९८५, आज हातात आहे. त्यात गायगॅक्सने रचलेला 'ड्रॅगनचेस' आहे. बुद्धिबळच, पण तीन मजली. वर आकाश, मधे जमीन, खाली पाताळ. प्रत्येक मजला बारा बाय आठ घरांचा, म्हणजे एकूण २८८ घरं, आणि प्रत्येकी ४२ मोहरे. वरच्या पटावरचा ड्रॅगन जागचा न हलता खालच्या पटावरचा मोहरा मारतो. पाताळातला बॅसिलिस्क आपल्या बरोबर डोक्यावरच्या घरातल्या शत्रूला गोठवतो. या खेळाचे नियम अंकात पूर्ण छापलेले होते, म्हणून आमच्या हातून बरोबर खेळला गेलेला हा एकमेव खेळ.

पट आम्ही खिडकीच्या काचांचे केले. मित्राच्या घरी जुनी तावदानं बदलली होती. काचेवर पांढऱ्या ऑइलपेंटने पट्टी धरून रेघा. काचेच्या चार कोपऱ्यांखाली स्टीलचे पेले, त्यावर दुसरी काच, पुन्हा चार पेले, तिसरी काच. मोहरे म्हणजे दोन बुद्धिबळाचे संच, कॅरमच्या सोंगट्या आणि चिंचोके. बॅसिलिस्कच्या डोक्यावर कोण आहे ते पाहायला जमिनीवर पालथं झोपून, एक डोळा मिटून, खालून वर काचेतून बघावं लागायचं. मे महिन्याची दुपार, खाली गार शहाबादी फरशी, वर तीन काचांमधून झिरपणारा उजेड आणि त्यात तरंगणारे चिंचोके. मधली काच एकदा सरकली आणि कोपरा तडकला, तिथली चार घरं आम्ही 'दरी' म्हणून बाद केली.

तीनपैकी दोन काचा माळ्यावर अजून आहेत. तडकलेली त्यातलीच एक. येत्या रविवारी सकाळी, घर पाडायच्या आधी, पडवीत बसायचं म्हणतो. तर्रीपोहे आणतो. तिसरी काच, बारा बाय आठची घरं पडतील एवढी, कोणी आणू शकेल का? कडा घासलेली हवी.

तर्री_मारके (मंगळवार, रात्री ९:२५)

काच मी आणतो. आमच्या घरच्या शोकेसची आहे, आईले सांगू नका. पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका.

धाकटी (मंगळवार, रात्री ९:४०)

पुण्याहून शनिवारी रात्रीच्या गाडीने निघता येत नाही, शुक्रवारच्या गाडीने येते. बैल माझा आहे, तो पटावर ठेवायचा नाही. आणि ड्रॅगन मी घेणार.

जुनी_पडवी (मंगळवार, रात्री ९:४२)

ड्रॅगन फाशाने ठरवू.

धाकटी (मंगळवार, रात्री ९:४३)

पिशवीत हात मी घालणार.